जमिनीखालचं पीक

गाजर किती लांब होणार, हे पेरणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच ठरून जातं. त्या दिवसांत वाफ्यात वर दिसतात दोन-चार नाजूक पानं. खाली मात्र दोऱ्याएवढं एक मूळ सरळ उतरत असतं. ते जिथवर विनाअडथळा पोचतं, तिथवर गाजराची लांबी. पुढचे दोन महिने गाजर जाड होतं, रंग धरतं, गोडीला येतं, पण फारसं लांबत नाही. वाटेत खडा आला, ढेकूळ लागलं, कच्च्या शेणाचा गोळा आला किंवा रोप उपटून दुसरीकडे लावताना मुळाचं टोक तुटलं, की त्याच जागी गाजराला दोन फाटे फुटतात, कधी तीन.

घरच्या बागेतल्या इतर भाज्या माणसाला सुधारायची संधी देतात. मेथी पिवळी पडली तर खताचं पाणी देता येतं, मिरचीवर मावा आला तर शेंडे खुडून टाकता येतात, टोमॅटो आडवा पडला तर काठीला बांधता येतो. मुळा, गाजर, बीट यांच्या बाबतीत चूक कळते ती पीक उपटून हातात आल्यावर. म्हणून या भाज्यांची निम्मी मेहनत बी पाकिटात असतानाच करायची असते, आणि उरलेल्यातली बरीचशी पहिल्या महिन्यात. त्यानंतर पाणी देणं आणि वाट पाहणं एवढंच उरतं. ज्यांना ही गोष्ट मनापासून पटते, त्यांच्याकडे पहिल्याच हंगामात सरळसोट मुळे येतात.

सुरुवात मातीपासून करायला हवी, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ती आपापल्या गावाप्रमाणे करावी लागते. देशावरची काळी माती ज्वारीला, कापसाला उत्तम, गाजराला अवघड. ओली असताना ती चिकटते, वाळली की आकसते आणि भेगाळते, आणि त्या आकसण्यात कोवळ्या मुळाला सरळ वाट राहत नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही हे मुळांना बरंच, पण तिच्यात खडे भरपूर आणि अन्नांश कमी. मुळांना सगळ्यात आवडते ती नदीकाठची पोयट्याची माती: भुसभुशीत, बारीक, पाण्याचा निचरा होणारी.

मोकळ्या मातीत मूळ किती फुगू शकतं, याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. उत्तर प्रदेशात जौनपूरला गोमतीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत तिथला नेवारी मुळा काही किलो वजनाचा होतो. जपानच्या कागोशिमा भागात साकुराजिमा नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या राखेच्या आणि सच्छिद्र, हलक्या दगडाच्या भुग्यातून बनलेल्या जमिनीत पिकणारा गोल पांढरा मुळा जगातला सर्वांत वजनदार मानला जातो. त्याच्या विक्रमी नगांचं वजन ३० किलोंच्या पुढे गेलं आहे. वाण वेगळं आहे हे खरंच, पण तेच बी घट्ट मातीत पेरलं तर त्याला इतकं फुगता येणार नाही.

परसात जागा असेल तर गादीवाफा करावा. जमीन वाफशावर असताना, म्हणजे ओल आहे पण माती हाताला चिकटत नाही अशा वेळी, फूटभर खोल खणून घ्यावी. ढेकळं हाताने फोडावीत, खडे आणि जुनी मुळं वेचून काढावीत. काळ्या मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं कंपोस्ट आणि थोडी जाडसर रेती मिसळली की ती सैल होते. जांभ्याच्या मातीत रेतीची गरज नसते. तिथे कंपोस्ट जास्त लागतं आणि चाळणी हाताशी असावी लागते. वाफा जमिनीपासून वीतभर उंच असला की अवकाळी पाऊस आला तरी पाणी साचत नाही.

इथे ‘चांगलं कुजलेलं’ या शब्दांवर भर द्यायला हवा. ताजं शेण घातलेल्या वाफ्यात गाजरांना फाटे फुटतात, अंगभर तंतूमुळं येतात, आणि पाला मात्र गुडघ्याएवढा वाढतो. नत्र जास्त झालं की झाड पानांकडे वळतं, मूळ भरत नाही. पाला पाहून बागकाम करणारा खूश असतो आणि उपटल्यावर करंगळीएवढं गाजर निघतं. नवशिक्यांच्या वाफ्यात हे नेहमी घडतं. मुळं पोसायला पालाश हवं, आणि ते देण्याचा घरगुती मार्ग म्हणजे चुलीतली किंवा होळीतली चाळलेली लाकडाची राख, वाफ्यावर अगदी पातळ भुरभुरून. बीटला आणखी एक बारीक गरज असते ती बोरॉनची. ते कमी पडलं तर बीट बाहेरून ठीक दिसतं आणि आत काळे डाग निघतात. नियमित कंपोस्ट घातलेल्या मातीत सहसा ही वेळ येत नाही.

ज्यांच्याकडे परस नाही, गच्ची किंवा बाल्कनी आहे, त्यांना मातीइतकाच वजनाचा विचार करावा लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल वाफा म्हणजे ३०० लिटर माती. ओली झाल्यावर तिचं वजन ५०० किलोंच्या आसपास जातं. माणसांच्या वापराची गच्ची बांधताना भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. तेव्हा गच्चीवर निव्वळ मातीचे वाफे भरणं धोक्याचं आहे, आणि मोठी बाग करायची असेल तर इमारत पाहून सल्ला देणाऱ्या अभियंत्याला आधी विचारणं आवश्यक आहे.

या अडचणीवर महाराष्ट्रात फार मोलाचं काम झालेलं आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरातल्या गच्च्यांवर भाज्या पिकवताना रसवंतीतून फेकून दिलं जाणारं उसाचं चिपाड, कंपोस्ट आणि जेमतेम माती एवढ्यावर पिशव्या आणि पिंपं भरली. गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि सामान्य माणसाने आपल्या हातभर जागेत स्वतः प्रयोग करून शिकावं, हा आग्रह आयुष्यभर धरला. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांपासून काही महिन्यांत हलकी, काळी, सुवासिक माती तयार करण्याची ‘अमृतमाती’ची रीत त्यांच्या विचारातूनच पुढे आली आणि दीपक सचदे यांनी ती दूरवर नेली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यातून अशी माती करून फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. रोज कचऱ्याच्या गाडीत जाणाऱ्या देठा-सालींमधून गच्चीवर माती तयार होते, ही गोष्ट शहरी माणसाने प्रत्यक्ष पाहावी अशी आहे.

मुळांच्या भाज्यांसाठी या हलक्या मातीत एक दुरुस्ती करून घ्यावी. न कुजलेलं चिपाड किंवा काड्या वांगी-टोमॅटोला चालतात, गाजराला चालत नाहीत. त्याच्या कोवळ्या टोकाला काडी ही खड्याइतकीच आड येते. म्हणून पूर्ण कुजलेली माती चाळून घ्यावी आणि काड्याकुड्या पिशवीच्या तळाशी घालाव्यात. खोलीचा हिशोब सोपा आहे. लहान गोल लाल मुळ्याला १५ सेंटीमीटर, बीटला २० ते २५ आणि लांब मुळा किंवा गाजर यांना निदान ३० सेंटीमीटर मोकळी माती लागते. तेलाचा चौकोनी डबा, रंगाची स्वच्छ धुतलेली बादली, जुना क्रेट, ग्रो-बॅग यांपैकी काहीही चालेल; तळाला भोकं मात्र हवीत. उन्हाचं म्हणाल, तर दिवसाला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीच्या बाल्कनीत मुळ्याचा पाला मिळेल, मुळा मिळणार नाही.

पेरणीचं वेळापत्रक मराठी घरात आयतंच टांगलेलं आहे. तांबडं किंवा केशरी गाजर पेरणीपासून ९० ते १०० दिवसांत काढणीला येतं. दसऱ्याच्या आसपास पेरलं की भोगीच्या भाजीला आणि संक्रांतीच्या सुगडात घालायला घरचं गाजर हजर असतं. पावसाळी ढग गेलेले, जमिनीत ओल, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, असं हवामान गाजराला त्याच महिन्यांत मिळतं. १५ ते २० अंश तापमानात गाजराचा रंग आणि आकार उत्तम येतो. त्याहून बरंच जास्त तापलं की रंग फिका पडतो. पुणे, नाशिक, साताऱ्याकडच्या थंडीत ‘नांतेस’सारखी विलायती केशरी वाणं जमतात, त्यासाठी मात्र नोव्हेंबर उजाडू द्यावा. मुंबई-कोकणच्या उबदार हिवाळ्यात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेलं ‘पुसा मेघाली’ हे केशरी वाण जास्त भरवशाचं.

त्याच संस्थेची ‘पुसा रुधिरा’ लालभडक आहे आणि ‘पुसा असिता’ जांभळ्याकाळ्या रंगाची. हे रंग नवे नाहीत. गाजर माणसाने लागवडीत आणलं ते मध्य आशियात, अफगाणिस्तान-इराणच्या पट्ट्यात, हजारेक वर्षांपूर्वी. तेव्हाची गाजरं जांभळी आणि पिवळी होती. आज जगभर दिसणारं केशरी गाजर नेदरलँड्समध्ये गेल्या चार-पाचशे वर्षांत रूढ झालं. केशरी रंग बीटा-कॅरोटिनचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आपल्या तांबड्या गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीनचा, जे टोमॅटोतही असतं. आणि काळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा, जो जांभळातही आहे. घरच्या वाफ्यात तिन्ही रंगांची एकेक ओळ लावता येते, आणि मुलांना शास्त्र शिकवायला याहून चांगला फळा मिळणं कठीण.

मुळा गाजराएवढा अडून बसत नाही. ‘जपानी व्हाइट’, ‘पुसा हिमानी’ यांना थंडी हवी. ‘पुसा चेतकी’ मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीही येते आणि दीड महिन्यात काढणीला तयार होते. लहान गोल लाल मुळे तर महिन्याभरात. कोकणात आणि गोव्यात भातकापणी झाली की त्याच जमिनीत मुळा, तांबडा माठ, चवळी अशा भाज्या घेतात. भाताची ओल अजून जमिनीत असते आणि विहिरीचं पाणी माघापर्यंत पुरतं. तिथे मुळ्याचा पालाही मुळ्याइतकाच हवा असतो, त्यामुळे दाट पेरून आधी पाला आणि मग उरलेल्यांचे मुळे, अशी दुहेरी कापणी होते.

बियांचं थोडं खोलात सांगायला हवं, कारण तिन्हींच्या बियांचे स्वभाव तीन आहेत. मुळ्याचं बी मोहरीहून थोडं मोठं, गोल. एक-दीड सेंटीमीटर खोल टोकलं की तीन ते पाच दिवसांत दुहेरी पान वर येतं. गाजराचं बी बारीक, चपटं, मूळचं काटेरी केसांचं. ग्रॅममध्ये सातआठशे बिया बसतात आणि उगवायला दहा-पंधरा दिवस, कधी तीन आठवडे लागतात. ते अर्ध्या सेंटीमीटरहून फार खोल जाता कामा नये, आणि एवढ्या वरच्या थरातली माती एका दुपारच्या उन्हातही कोरडी पडते. गाजर उगवत नाही अशी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. उपाय जुनाच आहे: बी कोरड्या रेतीत मिसळून ओळीत पेरावं, वर चाळलेली माती भुरभुरावी आणि वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरावं. रोज उचलून पाहायचं, आणि पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पांढरे पडून लवलवतात.

गाजराच्या ओळीत दर वीतभर अंतरावर मुळ्याचा एकेक दाणा टोकण्याची युक्तीही करून पाहावी. मुळा चार दिवसांत वर येऊन ओळ कुठे आहे ते दाखवतो, वरची मातीची पापडी फोडतो आणि गाजराला जागा लागायच्या आत काढून खाल्लाही जातो. यासाठी लवकर येणारा छोटा मुळाच घ्यावा.

बीटचं बी पाहून पुष्कळ जण फसतात. ते खडबडीत, सुरकुतलेलं दाण्यासारखं दिसतं, पण तो असतो फळांचा एकत्र वाळलेला गुच्छ, आणि आत दोन ते चार बिया असतात. म्हणून एका दाण्यातून तीन रोपं उगवली तर आश्चर्य वाटायला नको. साखरेच्या बीटची शेती करणाऱ्या देशांना या गुच्छाने दीर्घकाळ त्रास दिला, कारण एकेक रोप हाताने वेगळं करायला फार मजूर लागत. अमेरिकेत व्ही. एफ. सविट्स्की यांना १९४८ मध्ये एकेकटं बी देणारी झाडं सापडली आणि त्यावरून पुढची वाणं तयार झाली. परसात लावायच्या ‘डेट्रॉइट डार्क रेड’ किंवा ‘क्रिमसन ग्लोब’च्या पाकिटात अजूनही गुच्छच असतात. पेरण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवले की उगवण लवकर आणि सारखी होते. पालक पेरणाऱ्यांना हा दाणा ओळखीचा वाटेल, कारण आपल्या बाजारातली पालक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटच्याच जातीत मोडते. बीटच्या कोवळ्या पानांची भाजी पालकासारखी लागते त्याचं कारण हेच.

आता विरळणी. मुळांच्या भाज्यांत सगळ्यांत जास्त पिकं जर कशाने बिघडत असतील तर ती विरळणी न केल्याने. पेरलेलं प्रत्येक बी उगवून आलं की माणसाचा जीव त्यात अडकतो. हिरवंगार निरोगी रोप उपटून टाकायला हात धजावत नाही. पण पालेभाजीला दाटी चालते तशी मुळांना चालत नाही. दोन गाजरं एकमेकांना लागून वाढली तर दोन्ही एकमेकांभोवती पिळतात आणि दोन्ही बारीक राहतात. गाजराला आणि छोट्या मुळ्याला पाच-सात सेंटीमीटर, लांब मुळ्याला आणि बीटला दहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर सोडावंच लागतं. हे एकदम करू नये. रोपं बोटभर उंच झाली की पहिल्यांदा निम्म्या अंतरावर विरळणी करावी, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. आधी पाणी द्यावं, मग ओल्या मातीतून रोप हलकेच काढावं. गाजराच्या बाबतीत तर उपटण्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापणं बरं, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही.

काढलेलं काहीच वाया जात नाही. मुळ्याची कोवळी रोपं कोथिंबिरीसारखी चिरून कोशिंबिरीत जातात, बीटची पालकाच्या भाजीत. दुसऱ्या विरळणीत निघालेली बोटभर लांबीची गाजरं तर सालासकट खावीत. फक्त बीटच्या बाबतीत उपटलेलं रोप दुसरीकडे लावून पाहायला हरकत नाही. त्याची गाठ जमिनीच्या वरच्या थरात भरते, त्यामुळे ते स्थलांतर सोसतं. मुळा आणि गाजर सोसत नाहीत.

पुढच्या काळात सगळी कसोटी पाण्याची. वाफा आठ दिवस कोरडा ठेवून मग एकदम भिजवला, की आतला गाभा फुगतो आणि साल उभी तडकते. थोडं थोडं पण नियमित पाणी, आणि ओळींच्या मधे वाळलेल्या पानांचं आच्छादन, एवढ्याने हे टळतं. गाजराचा माथा मातीतून वर डोकावू लागला तर त्यावर मातीची भर द्यावी. उन्हाने तो हिरवा आणि कडवट होतो.

मुळ्याच्या तिखटपणाचाही पाण्याशी संबंध आहे. मुळ्याच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि त्यांच्यापासून दूर राखलेलं एक विकर असतं. चावलं किंवा किसलं की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारी ती झणझणीत वाफ तयार होते. मोहरीतही हाच प्रकार घडतो, कारण दोन्ही एकाच कुळातल्या. ऊन जास्त आणि पाणी कमी मिळालेल्या मुळ्यात ही द्रव्यं वाढतात. तिखटपणाचा मोठा भाग सालीत असतो, त्यामुळे सोललेला मुळा सौम्य लागतो, आणि शिजवल्यावर विकरच निकामी होत असल्याने हरभऱ्याची डाळ घालून केलेल्या भाजीत तिखटपणा जवळपास उरत नाही. आयुर्वेदाने कोवळा आणि जून मुळा यांचे गुण वेगळे सांगितले आहेत. स्वयंपाकघराचा अनुभवही तसाच: वेळेवर काढलेला मुळा रसरशीत, आणि आठ-दहा दिवस जास्त ठेवलेला आत पोकळ, दोरीसारखा. वाफ्यात सगळा मुळा एकदम तयार होतो आणि घरातल्या चौघांना तो एकदम खाता येत नाही, म्हणून दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं बी टोकावं.

किडींचा त्रास थंडीत कमीच. मुळ्याच्या पानांवर मावा किंवा मोहरीवरच्या माशीच्या काळपट अळ्या आल्या तर सकाळी हाताने वेचाव्यात आणि निंबोळी अर्क फवारावा. गाजराच्या तंतूमुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी. त्या वाफ्यात पुढचा हंगाम झेंडूला द्यावा आणि गाजर दुसरीकडे न्यावं.

काढणीनंतर पाला लगेच कापून वेगळा करावा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत मुळा लिबलिबीत होतो. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी ज्यांनी खाल्ली आहे ते पाला टाकत नाहीत. क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम या दोन्हींत तो मुळ्याच्या पुढे आहे. बाजारात जुडीतला पिवळा पाला पाहून तो तिथेच टाकून येण्याची सवय लागलेल्या घरांत स्वतःच्या वाफ्यातला ताजा पाला हा मोठाच लाभ.

जमिनीखालचं पीक फक्त थंडीचं नाही, हे कोकणातल्या परसांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर अळू, सुरण, कोनफळ, करांदे लावले जातात. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही असा नेम आहे. त्यामुळे त्या दिवशीची भाजी बनते ती नांगराशिवाय, हाताने खणलेल्या परसातल्या अळू, सुरण, भोपळा, माठ, पडवळ यांची. या एका नेमाने कितीतरी घरांत परसबाग टिकवून धरली. सुरणाचा तुकडा, वरच्या डोळ्याचा भाग प्रत्येकाला येईल असा कापून, एप्रिल-मेमध्ये लावला की सात-आठ महिन्यांत काढता येतो. त्याचा घशातला खवखवाट कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असतो, म्हणून चिंच किंवा कोकम घालायचं.

शहरातल्या गच्चीसाठी मात्र या मंडळींतलं रताळंच सगळ्यांत सोयीचं. त्याला बी लागत नाही. वेलाचे वीतभर लांबीचे तुकडे, तीन-चार डोळे मातीत जातील असे लावले की पुरे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अश्विनी’ हे वाण साडेतीन महिन्यांत तयार होतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’चा गर केशरी आणि बीटा-कॅरोटिनने भरलेला असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस वेल लावले तर महाशिवरात्रीच्या उपासाला घरची रताळी मिळतात. वेल पसरत जिथे जिथे मातीला टेकतो तिथे मुळं धरतो आणि मूळच्या गड्ड्यातली ताकद वाटली जाते, म्हणून महिन्यातून एकदा वेल उचलून फिरवावा. खणल्यावर रताळी लगेच शिजवण्याची घाई करू नये. आठ-पंधरा दिवस उबदार, हवेशीर जागेत ठेवली की पिष्टाची साखर होत जाते आणि गोडी वाढते. फ्रिजमध्ये तर ती ठेवूच नयेत. थंडीने आतून कडक होतात.

शेवटी बियांची सोय. मार्च उजाडला की वाफ्यात राहून गेलेले मुळे फुलाचा दांडा काढतात. ते लगेच उपटून टाकू नयेत. त्यांच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या, भाजीला आणि नुसत्या खायलाही चविष्ट असतात. बी धरायचं असेल तर थंडीतच सगळ्यांत सरळ आणि उशिरा दांडा धरणारे पाच-सहा मुळे निवडावेत, उपटून पाला आणि खालचं टोक कापून पुन्हा लावावेत. लवकर फुलणाऱ्या मुळ्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी सगळेच मुळे भरायच्या आत फुलू लागतात. देशी तांबड्या गाजराचं बीही असंच घरी होतं. विलायती केशरी गाजराला फुलायला कडक थंडी लागते, त्यामुळे त्याचं बी विकतच आणावं लागतं. एका वेळी मुळ्याचं एकच वाण फुलू द्यावं, कारण मधमाश्या दोन वाणांचे पराग मिसळतात. शेंगा वाळून पिवळट झाल्या की काढून, चोळून बी वेगळं करावं, ते सावलीत सुकवून बरणीत भरावं आणि बरणीवर वर्ष लिहावं. कोरड्या जागेत मुळ्याचं आणि बीटचं बी चारेक वर्षं उगवतं. गाजराचं तीन वर्षांनंतर पेरायचं झालं तर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजून घ्यावं.